शनिवारचा गच्चीवरचा सिनेमा

(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

ए-७०१, ७:१२
सुप्रभात. कालचा सिनेमा रात्री सव्वाअकराला संपला. गच्ची आमच्या डोक्यावर आहे, सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंचं ऑपरेशन होऊन नऊच दिवस झालेत, तेही माहीत आहे. कोजागिरीनंतर मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते कुणाला आठवतंय का? नसेल तर मिनिट्सचं पान परत टाकते.

सी-६०१, ७:१५
🌞 शुभ रविवार. आनंदी राहा, आनंद वाटा.

ए-५०३, ७:२०
गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? कुरडया वाळत घालायच्या आहेत.

बी-२०२, ७:४१
काकू, मनापासून सॉरी. चूक माझी. साडेसातची वेळ दिली होती, पण एक्स्टेन्शन बोर्ड मिळेपर्यंत ८:१० झाले. 'हॉबिट'चा पहिला भाग १६९ मिनिटांचा आहे, त्यात भेळेसाठी पाव तास गेला. १० वाजता मोठा स्पीकर बंद केला, उरलेला लॅपटॉपच्या आवाजावर पाहिला.

ए-७०१, ७:४४
स्पीकरचं मी बोलतच नाहीये. खुर्च्या! स्लॅबवर प्लास्टिकची खुर्ची ओढली की खाली काय ऐकू येतं, ते एकदा आमच्या बेडरूममध्ये येऊन ऐका. काल ४० खुर्च्या होत्या.

सेक्रेटरी, ७:५८
समितीतर्फे दिलगिरी. सर्वांच्या माहितीसाठी: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. कृपया विषय इथेच थांबवावा.

सी-१०४, ८:०३
थांबवायचा कसा? माझा मुद्दा वेगळाच आहे. नोटिशीवर 'बालगोपाळांसाठी साहसकथा' लिहिलं होतं. आमचा साडेसहा वर्षांचा. तो पांढरा राक्षस म्हाताऱ्या राजाचं मुंडकं हातात धरून दाखवतो, ते त्याने पाहिलं. रात्री तीनदा रडत उठला. आधी कुणी बघून ठेवलं नव्हतं का?

बी-२०२, ८:०९
ताई, मी बघितला होता, पण बारा वर्षांचा असताना. मूळ पुस्तक लहान मुलांचंच आहे. त्यात त्या पांढऱ्या ऑर्कचं, अझोगचं, फक्त नाव येतं. तो कधीच मेलेला असतो, कुणाच्या मागे लागत नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी एका छोट्या पुस्तकाचे तीन सिनेमे केले, २०१२, २०१३ आणि २०१४ मध्ये. लांबी भरून काढायला असले पाठलाग घातले. मला स्वतःला ते आवडत नाहीत.

सी-६०१, ८:११
मला तर सुरुवातच आवडली. न सांगता तेरा पाहुणे येतात आणि फडताळ रिकामं करून जातात. आमच्याकडे गणपतीत दरवर्षी असंच होतं 😀

सी-६०२, ८:१२
शेजारी राहतो आम्ही. पाहुण्यांच्या गाड्या कुणाच्या पार्किंगमध्ये लागतात तेही सांगा.

सी-६०१, ८:१२
दीड दिवसाचा प्रश्न होता वहिनी.

सी-६०२, ८:१३
अडीच.

ए-५०३, ८:१५
दुसऱ्यांदा विचारते. गच्चीची किल्ली?

सी-३०२, ८:२०
मी मधूनच उठलो. इंग्रजी कळत नाही आणि खालची अक्षरं पळतात. आपल्याकडे गोष्टी नाहीत का? ती गुहेतली कोडी म्हणे फार भारी. महाभारतात यक्षप्रश्न आहेत! चार भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेत आणि धर्मराज एकटा उत्तरं देतोय. याहून मोठं काय दाखवणार हे लोक?

बी-३०४, ८:३७
नमस्कार. मी शेवटपर्यंत बसले होते म्हणून लिहिते, जरा मोठं होईल. ए-७०१ वहिनींचं पूर्णपणे बरोबर आहे. खुर्ची मीही ओढली, माफ करा. पण 'असले सिनेमे आता बंदच करा' असे दोन मेसेज मला खाजगीत आलेत. ते मला पटत नाही.
बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. दर वर्गात एकदोन मुलं या सिनेमाच्या नायकासारखी, हॉबिट जातीच्या छोट्याशा बिल्बोसारखी असायची. उंबरठा ओलांडायचा म्हणजे जिवावर येणारी. हा बिल्बो करारनामा वाचता वाचता ड्रॅगनच्या जाळाचं कलम आलं की चक्कर येऊन पडतो. निघाल्यावर रुमाल राहिला म्हणून परत फिरा म्हणतो. तेरा बुटक्यांना ड्रॅगनने बळकावलेला डोंगर परत मिळवायचाय आणि जादूगार गँडाल्फ त्यांच्यासोबत चौदावा म्हणून निवडतो कुणाला, तर याला. बुटक्यांचा राजा त्याला सरळ निरुपयोगी म्हणतो. माझ्या वर्गातल्या त्या मुलांनाही लोक हेच म्हणायचे.
आणि अण्णा, तुम्ही उठलात त्याच्यानंतर खरी जागा आली. यक्ष प्रश्न विचारतो तो धर्माची परीक्षा घ्यायला. गुहेतला गॉलम विचारतो तो भुकेपोटी, बिल्बो हरला तर खाणार असतो. खेळ संपतो. बिल्बोला अंगठी सापडलेली असते, ती घालून तो अदृश्य होतो. बाहेर जायच्या वाटेवर गॉलम उभा, आणि याची तलवार त्याच्या गळ्याशी. एक घाव की सुटका. तेवढ्यात त्याला गॉलमचा चेहरा दिसतो, एकटा आणि रडवेला. तो तलवार मागे घेतो आणि त्याच्या डोक्यावरून उडी मारून पळतो. बस. पुढच्या कथेत, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, ती घातक अंगठी अखेर नष्ट होते ती याच वाचलेल्या गॉलममुळे. काल त्या क्षणाला गच्चीवर एक मूल बोलत नव्हतं.
मूळ पुस्तकाचे लेखक टॉल्किन हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. परीक्षेचे पेपर तपासताना एका मुलाने कोरं सोडलेलं पान आलं, त्यावर त्यांनी या पुस्तकाचं पहिलं वाक्य लिहिलं. पुस्तक आलं १९३७ मध्ये. पेपर तपासताना माणूस किती कंटाळतो ते मला माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

सी-१०४, ८:४५
बाई, त्याने ती जागा पाहिलीच नाही. त्याआधीच मी त्याला उचलून खाली आणलं. मुंडकं तेवढं लक्षात राहिलं.

बी-३०४, ८:४७
मग संध्याकाळी माझ्याकडे आणा. दिवसाउजेडी तेवढाच प्रसंग दाखवू. घाबरला तर लगेच बंद.

बी-२०२, ८:४९
ताई, त्याला आधी अँडी सर्किसचा व्हिडिओ दाखवतो. चेहऱ्याला ठिपके लावून तोच गॉलमचं काम करतो. खरा माणूस दिसला की भीती जाईल.

बी-४०१, ८:५२
आमचे जावई न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला असतात. त्यांनी आम्हाला माटामाटाला नेलं होतं, तिथे मेंढ्यांच्या फार्मवर ते हॉबिटचं गाव आहे. गोल दारं, बाहेर वाळत घातलेले कपडे, परसात भाजी. बिल्बोच्या घरावरचं ओकचं झाड मात्र खोटं आहे, जवळून पाहूनही कळत नाही. फोटो टाकते.

(३१ फोटो)

सेक्रेटरी, ८:५३
कृपया फोटो फोटोंच्या ग्रुपवर.

सी-३०२, ८:५८
बाईंचं वाचलं. ठीक आहे. पण धर्मराजानेही एकच भाऊ माग म्हटल्यावर भीम-अर्जुन सोडून नकुल मागितला होता, माद्रीचाही एक मुलगा राहावा म्हणून. दया आपल्याकडेही आहे. नोंद असावी.

बी-३०४, ८:५९
आहेच अण्णा. ते मुलांना तुम्ही सांगा. खरंच सांगा.

सी-६०१, ९:०२
सिनेमात दातांचं कोडं होतं ना? आपलं आहे की: बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे!

बी-२०२, ९:०३
दात आणि जीभ. अजून?

सी-३०२, ९:०४
सुपभर लाह्या, त्यात एक रुपया.

सी-१०४, ९:०६
चांदण्या आणि चंद्र. हे त्यानेच सांगितलं, इथे मांडीवर बसलाय.

सी-६०२, ९:०७
एवढंसं कार्टं, घर राखतं.

सी-१०४, ९:०८
कुलूप!! ओरडला.

ए-५०३, ९:०९
कुलपावरून आठवलं. तिसऱ्यांदा विचारते. वॉचमनकडची किल्ली लागत नाहीये. गच्चीच्या दाराला नवं कुलूप आहे. कुरडयांचा चीक घोटून तयार आहे.

सेक्रेटरी, ९:१५
पुढचं ठरवू. दुसरा भाग १६१ मिनिटांचा आहे असं बी-२०२ सांगतो. तो तळमजल्याच्या हॉलमध्ये, दुपारी ४ वाजता. आठ वर्षांखालच्या मुलांचं पालकांनी ठरवावं. सूचना असल्यास सांगा.

ए-७०१, ९:१८
हॉल चालेल. आणि खुर्च्यांना रबरी बुचं बसवा. ४० खुर्च्या, १६० बुचं. कोजागिरीलाही हेच म्हणाले होते.

सेक्रेटरी, ९:१९
नोंद घेतली. कुलूप कुणी बदललं तेवढं कृपया कळवावं.

ए-७०१, ९:२१
मी. आज सकाळी सहाला. ५०३, तुम्ही वर या, मी स्वतः उघडून देते. बाकीच्यांना किल्ली सासूबाईंचे टाके निघाल्यावर.