बदल झाल्यानंतरचे महिने: तुमचे अनुभव लिहा

या धाग्याची कल्पना एका जुन्या तक्त्यावरून सुचली. 1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, लग्न 50, नोकरीवरून काढलं जाणं 47, निवृत्ती 45. लग्न आणि नोकरी जाणं जवळजवळ शेजारी बसलेले पाहून मी थबकले. त्यांचा विचार असा की घटना सुखाची असो वा दुःखाची, तिच्याशी जुळवून घ्यावंच लागतं आणि त्याचा ताण शरीरावर येतो.

पण तक्त्यात घटनेचा दिवस आहे, पुढचे महिने कुठे आहेत? काल जे सहज जमत होतं ते आज जमत नाही, नवीन अजून अंगात मुरलेलं नाही, असे ते महिने. माणूस घडत असेल तर तिथेच घडतो असं मला मनापासून वाटतं. म्हणून विनंती: काय बदललं ते दोन ओळींत सांगा, पण पुढे तुम्ही काय आणि कसं शिकलात ते सविस्तर लिहा. अट एकच. ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं इथे कुणी कुणाला सांगायचं नाही.

*

दृष्टी गमावलेला भाषांतरकार

मला रेटिनायटिस पिगमेंटोजा आहे. आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग कडेचं दिसेनासं झालं, नळीतून पाहावं तेवढं मधलं उरलं आणि हळूहळू तेही गेलं.

पांढरी काठी नुसती पुढे धरून चालत नाहीत, हे मला शिकायला लागल्यावर कळलं. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक डावीकडे टेकवायचं, डावं पडतं तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा काठीने आधीच चाचपलेली असते. टोकाची कमान खांद्यांहून किंचित रुंद ठेवायची. ताल चुकला की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या प्रशिक्षक बाई माझ्या मागून चालायच्या. कुणीतरी हात धरून नेण्याची सवय लागलेल्या माणसाला मागून येणारा आवाज फार एकटं पाडतो. तरीही त्या पुढे आल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

कामाचं म्हणाल तर स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आवाज सुरुवातीला नुसता अंगावर यायचा. आता मी ज्या वेगाने ऐकतो, तो घरच्यांना कलकलाट वाटतो. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, त्यासाठी शब्द अक्षर-अक्षर वाचून घ्यावा लागतो आणि त्यात वेळ जातो. पण माझं वाक्य बदललं. पूर्वी मी वाक्य पाहायचो, आता ऐकतो. विशेषणांची लांबलचक माळ डोळ्यांना खपायची, कानाला खपत नाही. माझं मराठी सुटसुटीत झालं असं जुने संपादक सांगतात.

दृष्टी गेली ते बरं झालं, असं मी कधीही म्हणणार नाही. वाक्यं सुधारली ती रोज तासन्‌तास ऐकल्यामुळे.

*

सॉफ्टवेअरमधली, आता टीम सांभाळणारी

माझा बदल बढतीचा, म्हणजे अभिनंदनाचा. त्यामुळे तो जड जातोय हे सांगायचीही सोय नव्हती.

कोड लिहिला की चाचणी पास होते किंवा नापास, उत्तर लगेच मिळतं. माणसांशी आज केलेल्या बोलण्याचं फळ कित्येक महिन्यांनी दिसतं, कधी दिसतच नाही. संध्याकाळी ‘आज मी काय केलं?’ या प्रश्नाला उत्तर नसायचं. रात्री दुसऱ्याचं अडलेलं काम स्वतःच संपवून टाकावं, अशी प्रचंड ओढ वाटायची. ते मला येत होतं ना! ज्या कामात आपण पटाईत, त्याच्यापासून हात आखडता घेणं हे या बदलातलं सर्वांत अवघड शिक्षण. हळूहळू ‘हे असं कर’ऐवजी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारून पुढची शांतता सोसायला शिकले. टीममधल्या एकाने माझ्या मनातल्यापेक्षा चांगला मार्ग काढला, त्या दिवशी पहिल्यांदा घरी जाताना हलकं वाटलं.

*

हृदयविकारानंतर चालायला लागलेला

‘21 दिवसांत सवय लागते’ हे मला इतक्या जणांनी सांगितलं की 22व्या दिवशीही अंथरुणातून उठवेना तेव्हा माझ्यातच काही कमी आहे असं वाटलं. मग शोधाशोध केली. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या लेखनापर्यंत जातो. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगता सांगता त्यातलं ‘किमान’ गळून पडलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी तपासल्या. एखादी कृती आपसूक होऊ लागायला लागणाऱ्या काळाचा मध्यक 66 दिवस निघाला आणि पल्ला 18 ते 254 दिवसांचा. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं.

या शेवटच्या वाक्याने मला वाचवलं. पूर्वी एक दिवस खाडा झाला की मी आठवडा सोडून द्यायचो. आता दुसऱ्या दिवशी बूट घालतो.

*

वाचाघात झालेल्या वडिलांची मुलगी

बाबांना पक्षाघात झाला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं. आम्ही बोललेलं त्यांना बरंचसं कळे, पण शब्द ओठांवर येत नसे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला एक गोष्ट दाखवली. ‘एक, दोन’ अशी सुरुवात करून दिली की बाबा दहापर्यंत सलग म्हणत. पण चार बोटं दाखवून ‘किती?’ विचारलं की अडत. मग ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन म्हणत चारपर्यंत पोचत आणि तो शब्द पकडत. ओळखीचं गाणं ते शब्दांसकट गात, आणि ‘पाणी हवं’ मात्र म्हणता येत नसे. पाठ झालेलं बोलणं आणि जुळवून बोलणं मेंदू एकाच रीतीने करत नाही, हे तेव्हा समजलं. त्या दिवशी आई गाण्यावर रडली.

घरातल्यांसाठी नियम होते. टीव्ही बंद. एका वेळी एकानेच बोलायचं. प्रश्न असा की मानेने हो-नाही सांगता यावं. कागद-पेन्सिल हाताशी. आणि सर्वांत कठीण नियम: शब्द पुरवायचा नाही, थांबायचं. त्या थांबण्यात जे घडतं ते सांगणं कठीण आहे. समोरचा माणूस झगडतोय, शब्द तुमच्या जिभेवर आहे आणि तुम्ही तो देत नाही. कारण सापडलेला शब्द त्याचा स्वतःचा असला की त्याचा चेहराच वेगळा होतो.

बाबांचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. मी आता शिक्षिका आहे. वर्गात प्रश्न विचारल्यावर मी थांबते, बराच वेळ थांबते. मागच्या बाकावरून उत्तरं येतात ती त्या थांबण्यानंतरच.

*

पहिल्या बाळानंतर

बाळ झाल्यावर ‘मी पूर्वीची राहिले नाही’ म्हटलं की लोक ‘होतं असं, होईल ठीक’ म्हणत. मग 2016 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. एलसेलिन हुकझेमा आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींच्या मेंदूच्या प्रतिमा गर्भारपणाआधी आणि नंतर घेतल्या. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित भागांत करड्या द्रव्याचं आकारमान घटलेलं दिसलं आणि हा फरक किमान दोन वर्षं टिकला. संशोधकांच्या मते ही मेंदूची नव्या भूमिकेसाठीची जुळवाजुळव असावी. मला विलक्षण धीर आला. पूर्वीची मी परत येण्याची वाट पाहणं थांबवलं. एवढंच लिहिते, बाळ उठलंय.

*

जोडीदार गमावलेला

तक्त्यातले 100 गुण माझे. खरं सांगतो, मी घडलो वगैरे नाही. घरातली कामं शिकलो, बँकेची कागदपत्रं शिकलो, आजारपणात एकटं राहायला शिकलो. याला कुणी वाढ म्हणत असेल तर म्हणो. तिच्याबरोबर मी जास्त चांगला माणूस होतो.

*(धागाकर्तीकडून: दादा, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मोठ्या आघातानंतर माणसं वाढतात याचा अभ्यास करणारे टेडेस्की आणि कॅल्हून हेही सांगतात की वाढ आणि दुःख एकत्र नांदू शकतात आणि अशी वाढ प्रत्येकात होतेच असं नाही. इथे कुणीही तुमच्याकडे तिची मागणी करणार नाही. लिहीत राहा, तिच्याबद्दलही लिहा.)*

*

नुकतंच निदान झालेली

भाषांतरकार दादांना एक विचारायचं होतं. मला तोच डोळ्यांचा आजार आहे. दिवसा अजून नीट दिसतं. काठी कधी हातात घ्यावी?

*

भाषांतरकार

ताई, दिसतंय तोवरच शिकायला घ्या. उरलेली दृष्टी मधे येऊ नये म्हणून शिकवताना डोळ्यांवर पट्टी बांधून सराव करून घेतात, तेव्हा ‘अजून दिसतंय’ ही अडचण नाही. संध्याकाळी आणि अनोळखी जागी तुम्हाला तिचा उपयोग आत्ताच होईल. स्क्रीन रीडरही आजच सुरू करा. पडदा दिसत असताना आवाज ऐकला की कोणतं बटण काय बोलतं ते लवकर जुळतं. सुरुवातीला वेग अगदी कमी ठेवा. घडीची काठी पिशवीत मावते, कामाच्या ठिकाणी एकालाच आधी सांगा. पहिला आठवडा झाला की इथे लिहा, मी रोज डोकावतो.