व्हॅक मशीन रात्रभर बंद ठेवलं तर चालतं का?

रानजाई
बाबांना शुगर आहे, पायाची दोन बोटं काढावी लागली आणि आता त्या जखमेवर व्हॅक, म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणारं मशीन, लावून घरी सोडलंय. काळा स्पंज, वर चिकट पारदर्शक फिल्म, त्यातून नळी आणि पुढे डबा लावलेलं मशीन, स्क्रीनवर 125 दिसतं. दिवसा ठीक असतं पण रात्री लीकचा अलार्म सारखा बोंबलतो, बाबा वैतागून म्हणतात बंद कर आणि झोपू दे मला. झोपेपुरतं बंद केलं तर चालेल का? आणि जखम आतून ओढून भरते कशी हेच डोक्यात शिरत नाहीये, मला तर वाटतं अजून उघडेल.

ड्रेसिंगवाली_सिस्टर
ताई, रात्रभर अजिबात नको. 24 तासांत सगळं मिळून 2 तासांच्या वर बंद राहायला नको, चार्जिंग, बाथरूम सगळं त्यातच आलं. ओढ थांबली की मागे काय उरतं, तर सगळीकडून बंद केलेला ओला स्पंज, जंतूंना याहून चांगली जागा कुठली. चुकून जास्त वेळ बंद राहिलंच तर नुसतं परत चालू करू नका, हॉस्पिटलला फोन करा, ते पूर्ण ड्रेसिंग काढायला सांगतील.
खरं तर लीक शोधा, अलार्म आपोआप थांबेल. स्पंज मनुकेसारखा सुरकुतून कडक बसलेला दिसला पाहिजे, फुगलेला मऊ दिसला तर ओढ नाहीये. खोली शांत करून फिल्मच्या कडेनं बोट दाबत जा, सूं आवाज येईल तिथे फटीवर फिल्मचा तुकडा लावा. पायाला बहुतेक वेळा उरलेल्या बोटांच्या बेचक्यात नाहीतर घोट्याच्या घडीत सुटतं. कातडी घामट असेल तर आधी टिपून कोरडी करा, नाहीतर कितीही चिकटवा, तासाभरात निघणार. आणि डबा भरला असेल किंवा नळी अंगाखाली दबली असेल तरी मशीन ओरडतंच.

उगाच_शंका
ते 125 म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा दाब कमी. अमेरिकेत अर्जेंटा आणि मॉरिक्वास या संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून 1997 मध्ये हे छापलं, त्यात 125 च्या आसपास जखमेतला रक्तप्रवाह सगळ्यात वाढला आणि 400 च्या पुढे उलट घटला, म्हणून मनानं दाब वाढवण्यात अर्थ नाही. फिल्म हवाबंद असते त्यामुळे स्पंज आक्रसतो आणि जखमेच्या कडा आत खेचतो, उघडत नाही. साचलेलं पाणी निघून सूज उतरते आणि स्पंजच्या बारीक छिद्रांमुळे तळाच्या पेशींवर ताण येऊन लाल दाणेदार मांस लवकर धरतं.
पण जादू नाहीये हां. 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बाबांसारख्याच, पायाचा थोडा भाग कापलेल्या पेशंटचा अभ्यास आला होता, 16 आठवड्यांत व्हॅकवाल्या 56 टक्क्यांची जखम बंद झाली, साध्या ड्रेसिंगवाल्या 39 टक्क्यांची. म्हणजे व्हॅक लावूनही बऱ्याच जणांची तेवढ्यात भरली नाहीच. शुगर ताब्यात नसेल, पायाला रक्त नीट पोचत नसेल किंवा त्या पायावर वजन देऊन फिरणं चालू असेल तर मशीन बिचारं काय करणार. पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतं ते बघणारी तपासणी, झालाय का ते विचारून घ्या.

सूनबाई२
आमच्या सासूबाईंना होतं हे. अलार्मपेक्षा ड्रेसिंग बदलणं जास्त जड जातं, मांस स्पंजच्या छिद्रांत वाढतं ना, मग काढताना ओरबाडल्यासारखं होतं. दोनतीन दिवसांनी बदलतात, त्याच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायची का ते डॉक्टरांना विचारून ठेवा आणि स्पंज सलाइनने नीट भिजू द्या म्हणावं, घाई करू देऊ नका. अजून एक, आत किती तुकडे घातले ते फिल्मवर पेनाने लिहायला लावा, काढताना तेवढेच मोजून घ्यायचे. एखादा आत राहिला तर पू धरतो.

रानजाई
सापडलं लीक! अंगठ्याशेजारच्या बेचक्यात होतं, पट्टी लावल्यावर स्पंज लगेच आकसला. डॉपलरचं उद्या विचारते. बाबांना रक्त पातळ करायची गोळी पण चालू आहे, त्याने काही फरक पडतो का?

ड्रेसिंगवाली_सिस्टर
पडतो, आणि व्हॅक लावणाऱ्यांना ती गोळी माहीत आहे ना ते उद्याच खात्री करा, पण मनानं बंद करू नका. नळीत फिकट गुलाबी पाणी येतंच, घाबरू नका. लालभडक रक्त नळीत किंवा डब्यात भराभर यायला लागलं तर मशीन बंद, ड्रेसिंग न काढता वरूनच घट्ट दाबून धरा, पाय उंच ठेवा आणि तडक इमर्जन्सी गाठा.