धनुष्कोडी : एका दुपारीत काय पाहता येईल?

वाटसरू_सांगली

येत्या फेब्रुवारीत आई-वडिलांना घेऊन मदुराई आणि रामेश्वर अशी यात्रा ठरली आहे. रामेश्वरचे देवदर्शन उरकल्यावर एक दुपार मोकळी राहते. ती धनुष्कोडीला द्यावी, असे माझ्या मनात आहे. १९६४ च्या वादळात ते गाव उद्ध्वस्त झाले, यापलीकडे मला फारशी माहिती नाही. जाऊन आलेल्या नातलगांपैकी एकाने ‘दोन पडक्या भिंती आणि शंखशिंपल्यांची दुकाने’ असे त्याचे वर्णन केले, तर दुसऱ्याने तेच ठिकाण संपूर्ण प्रवासात सर्वांत लक्षात राहिल्याचे सांगितले. तिथे नेमके काय उरले आहे? आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तेव्हा तिला ते झेपेल का? शिवाय वडिलांना सेतुस्नान, म्हणजे रामसेतूपाशी समुद्रस्नान, करण्याची इच्छा आहे. ते तिथे करणे सुरक्षित आहे का?

रूळवेडा

आपल्या दोन्ही नातलगांचे म्हणणे खरे आहे. धनुष्कोडी हे रेल्वेचे बंदर होते, हे आधी माहीत नसेल तर तिथे पडक्या भिंतींखेरीज काही दिसत नाही.

१९१४ मध्ये समुद्रावरचा पांबनचा पूल सुरू झाला आणि रेल्वे मुख्य भूमीवरून थेट रामेश्वर बेटाच्या टोकाकडे जाऊ लागली. मद्रासहून निघालेला प्रवासी धनुष्कोडीला गाडीतून उतरून आगबोटीत बसे, पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) तलैमन्नारला उतरे आणि तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबोला जाई. या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणत. दोन देशांमधील या वाहतुकीसाठी लागणारा सगळा संसार, म्हणजे स्थानक, धक्का, जकात कचेरी, टपाल कार्यालय, शाळा, चर्च आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे, वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर उभा राहिला होता.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री, उत्तर श्रीलंका ओलांडून आलेले चक्रीवादळ या पट्टीवर आदळले. पांबनहून धनुष्कोडीकडे निघालेली पॅसेंजर गाडी गावाजवळ पोहोचत असतानाच लाटेखाली गेली आणि तिच्यातील शंभराहून अधिक माणसांपैकी कोणीही वाचले नाही. तारा तुटल्यामुळे ही बातमी बाहेर पोहोचायलाही वेळ लागला. पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले, मात्र जहाजांसाठी उघडणारा मधला भाग टिकून राहिला. रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो पूल अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, हे आपण वाचले असेल. पुढची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. गाड्या पुन्हा धावू लागल्या त्या रामेश्वरपर्यंतच, कारण पांबन ते धनुष्कोडी हा फाटा रेल्वेने पुन्हा बांधलाच नाही. मद्रास सरकारनेही ते गाव राहण्यास अयोग्य ठरवले. मला विचाराल तर गाव वादळाने मोडले हे खरे, पण ते कायमचे संपले ते रेल्वे परतली नाही म्हणून.

म्हणून तिथे उतरल्यावर आधी स्थानकाचे अवशेष शोधावेत आणि मग पाण्याच्या टाकीचे. चर्च त्यानंतर पाहावे. बहुतेक मंडळी चर्चसमोर छायाचित्रे काढून थेट टोकाकडे निघून जातात.

रापणकर

वरील माहितीत थोडी भर घालतो.

हानी एवढी मोठी का झाली, हे तिथला समुद्र पाहिल्यावर लक्षात येते. रस्त्याच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आहे आणि दक्षिणेला मन्नारचे आखात. उत्तरेचा समुद्र अतिशय उथळ आहे. वादळी वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो तेव्हा खोल समुद्रात त्या पाण्याला खालून मागे फिरायला वाव मिळतो, उथळ समुद्रात तो मिळत नाही आणि पाणी वर चढत जाते. इथे तर जमीनच समुद्रसपाटीपासून जेमतेम उंच, त्यामुळे पळून जाण्यासाठी टेकाडसुद्धा नव्हते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ तीव्र चक्रीवादळे क्वचितच येतात, म्हणून तशी भीतीही कोणाच्या मनात नसावी.

चर्चच्या भिंतीजवळ जाऊन अवश्य पाहावे. जिथे गिलावा गळून पडला आहे तिथे आतील दगड उघडा दिसतो, आणि तो दगड नसून समुद्रातील प्रवाळ आहे. त्यावरची नागमोडी नक्षी आणि बारीक छिद्रे हाताला जाणवतात. मात्र त्याचा तुकडा उचलू नये आणि कोणी विकत असल्यास घेऊही नये, कारण प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांबद्दल काही न लिहिलेलेच बरे.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. प्रवासाचे व्हिडिओ करणारे या जागेला सर्रास ‘भुतांचे गाव’ म्हणतात. तिथे आजही मच्छीमार कुटुंबे झावळ्यांच्या झोपड्यांमध्ये राहतात. सकाळी गेल्यास, आपल्या मालवणकडच्या रापणीप्रमाणेच, दोन्ही बाजूंनी माणसे रांगेत उभी राहून जाळे ओढताना दिसतील. वाळूत काही फूट खणले की गोडे पाणी लागते आणि त्याच पाण्यावर या कुटुंबांचे भागते. पावसाचे पाणी वाळूत मुरून खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, म्हणून असे झरे लागतात. फार खोल खणले तर मात्र खारे पाणी वर येते. आईंना चालणे जमत नसेल तर एखाद्या झोपडीवजा दुकानात बसवावे. तळलेली मासळी मिळते आणि भाषेची अडचण असूनही गप्पा होतात.

गोदातीर

आपल्या वडिलांच्या इच्छेविषयी लिहिते.

सेतुस्नानाची परंपरा धनुष्कोडीचीच आहे आणि महाराष्ट्रातील जुन्या यात्रेकरूंना ती चांगली परिचित होती. काशी-रामेश्वर यात्रा पूर्ण करायची तर गंगेची कावड रामेश्वराला घालायची आणि सेतूची वाळू प्रयागला नेऊन संगमात सोडायची, असा क्रम असे. नाथांनी जी कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, तीही रामेश्वरासाठीच निघाली होती.

तरीही वयस्कर व्यक्तीने टोकाला, म्हणजे अरिचलमुनैला, पाण्यात उतरू नये असेच मी सांगेन. तिथे दोन समुद्र एकमेकांना भेटतात, प्रवाह फसवे असतात आणि पायाखालची वाळू पाहता पाहता सरकते. स्नान रामेश्वरच्या अग्नितीर्थावर करावे. तिथे समुद्र शांत असतो आणि नंतर मंदिरातील बावीस तीर्थांचे स्नानही ओघाने होते. धनुष्कोडीला वडिलांनी काठावर उभे राहून ओंजळभर पाणी मस्तकी लावले तरी पुरे. वाटेवर कोदंडराम स्वामींचे मंदिर लागते, तिथे अवश्य थांबावे. बिभीषण रामाला शरण आला तो याच ठिकाणी, अशी श्रद्धा आहे. १९६४ च्या वादळातून हे मंदिर वाचले.

वाटसरू_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुन्या प्रवासवर्णनांत वाळूतून उघड्या जीपने जावे लागते असे वाचले होते. अजूनही तसेच आहे का? आणि रामेश्वरहून किती वाजता निघावे?

रूळवेडा

ती अडचण आता राहिलेली नाही. २०१७ मध्ये थेट अरिचलमुनैपर्यंत डांबरी रस्ता झाला. रामेश्वरहून टोकापर्यंतचे अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे. सरकारी बसही जाते, परंतु आईंसाठी रिक्षा किंवा मोटार ठरवावी आणि अवशेषांपाशी थांबण्याचा वेळ भाडे ठरवतानाच बोलून घ्यावा. अन्यथा चालक सरळ टोकाला नेऊन परत आणतो. अवशेष रस्त्यालगत आहेत, पण शेवटची काही पावले भुसभुशीत वाळूतून टाकावी लागतात, त्यामुळे काठी बरोबर असावी. अंधार पडण्यापूर्वी पोलीस सर्वांना परत पाठवतात, म्हणून तीनच्या सुमारास निघणे योग्य ठरेल. झाडांची सावली जवळजवळ नाही, तेव्हा टोप्या आणि पिण्याचे पाणी विसरू नये. येताना रेल्वेने आलात तर पांबनचा पूल दिवसाउजेडी ओलांडता येईल अशी गाडी निवडावी. आता गाड्या एप्रिल २०२५ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पुलावरून धावतात. जुना पूल शेजारीच होता, त्याचे जे काही दिसेल ते खिडकीतून वडिलांना दाखवावे.