चर्चा: ‘पाणी जपून वापरा’ म्हणणारेच नळ आला की शिळं पाणी ओततात. मग अभिवृत्ती (एखाद्या गोष्टीबद्दलचा मनाचा कल) मोजायची कशाला?

मांजराकाठ:
मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला अभिवृत्तीचे तीन घटक पाठ करून घेतात: बोधात्मक (काय मानतो), भावात्मक (काय वाटतं), वर्तनात्मक (कसं वागतो). माझ्या मते तिसऱ्यानं सगळा घोळ केलाय. व्याख्येतच वर्तन बसवलं की मत बदललं म्हणजे वागणं बदललं, असं विद्यार्थी धरूनच चालतात. पुढं तेच नोकरीला लागतात आणि गावोगाव पथनाट्यं, भिंतीवर घोषणा, शाळेत निबंध सुरू होतात.

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या भागात पाण्याचं मोल कुणाला शिकवायचंय? ‘पाणी काटकसरीनं वापरावं’ हे विधान पाच बिंदूंच्या लिकर्ट श्रेणीवर (‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’) ठेवा, ‘पूर्ण सहमत’ सोडून दुसरी खूण मिळणं मुश्किल. पण चार-आठ दिवसांआड नळ येणाऱ्या गल्लीत नळाच्या दिवशी उभं राहून बघा. ताजं आलं म्हणून ड्रममधलं ‘शिळं’ थेट नालीत. २०० लिटरच्या ड्रममध्ये पाव भाग उरला असला तरी ५० लिटर गेले.

हे नवीन नाही. समाजशास्त्रज्ञ लापियर यांनी १९३०च्या सुमारास एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर प्रवास केला. २५१ हॉटेलं-खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्रानं विचारलं, तर उत्तर देणाऱ्या १२८ पैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी ‘चिनी गिऱ्हाईक घेणार नाही’ असं कळवलं. १९६९ मध्ये विकर यांनी तोवरचे अभ्यास चाळले, तर अभिवृत्ती आणि वर्तन यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) क्वचितच ०.३० च्या वर. वर्ग करा: वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के अभिवृत्तीवरून कळतो. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

बालाघाट:
लापियर अर्धाच सांगितलात. पत्राला उत्तर देणारा माणूस आणि गल्ल्यावर बसलेला माणूस एकच होता, हे कुठं तपासलंय? आणि पत्रात विचारलं ‘चिनी वंशाच्या लोकांना घ्याल का’, दारात उभं होतं नीटनेटकं, हसतमुख जोडपं, सोबत गोरा प्राध्यापक. प्रश्न एका गोष्टीबद्दल, वागणं दुसऱ्याच गोष्टीबद्दल. ताळमेळ बसेल कसा?

डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांचा १९७९चा अभ्यास यासाठीच वाचावा. वर्तन एकच मोजलं: पुढच्या दोन वर्षांत स्त्रिया गर्भनिरोधक गोळी वापरतात का. ‘संततिनियमनाबद्दल काय वाटतं’ याचा वर्तनाशी सहसंबंध ०.०८. ‘गोळ्यांबद्दल काय वाटतं’, ०.३२. ‘तुम्ही स्वतः गोळी वापरण्याबद्दल’, ०.५३. त्यात ‘पुढच्या दोन वर्षांत’ घातलं की ०.५७. प्रश्न नेमका होत गेला तसा सहसंबंधाचा वर्ग एक टक्क्याच्याही आतून ३२ टक्क्यांवर आला. फिशबाईन आणि आयझेन हे मानसशास्त्रज्ञ हेच सांगत होते: कृती, लक्ष्य, संदर्भ, वेळ, चारही प्रश्नात हवेत आणि वर्तन मोजताना तेच चार हवेत.

तुमचं ‘पाणी काटकसरीनं वापरावं’ यात चारपैकी एकही धड नाही. असं विचारा: ‘येत्या आठ दिवसांत नळ आल्यावर ड्रममधलं उरलेलं पाणी न ओतता धुण्या-पुसण्याला वापरणं मला...’ आणि पुढं सात बिंदू, एका टोकाला ‘तापदायक’, दुसऱ्याला ‘सोयीचं’. मग बघा सगळे एकाच खुणेवर येतात का. सगळेच ‘पूर्ण सहमत’ म्हणाले तर उत्तरांत फरकच उरत नाही, आणि फरक नसला की सहसंबंध निघणारच नाही. हा दोष प्रश्नाचा आहे.

कोरडवाहू:
तुम्ही दोघंबी कागदावर भांडायलेत. बाईला विचारा की, ती ओततेय का म्हणून. नळ पहाटे तीनला येतो का सातला, माहीत नाही. किती वेळ चालतो, माहीत नाही. ड्रम एकच. जुनं ठेवलं तर नवं कशात भरायचं? तिचं मत चांगलंच हाय, भांडं कमी हाय.

पुस्तकी भाषेत सांगायचं तर आयझेन यांनी नंतर जोडलेली गोष्ट, वर्तनावरचा ताबा. १९९१च्या मांडणीत तीन खांब: अभिवृत्ती, जवळच्यांचा दबाव, आणि ‘हे माझ्या हातात हाय का’. उसाचंबी तेच. ‘ऊस पाणी पितो’ हे ऊसवाल्याला काय सांगता? त्याला माहीत हाय. पण उसाला ठरलेला किमान दर हाय आणि न्यायला कारखाना हाय. सोयाबीनचा भाव काढणीच्या दिवशी कळतो. आता त्याच्या मनाचं प्रबोधन करा.

नाथसागर:
एक गोष्ट तिघांच्याही नजरेतून सुटली. आठवड्याला एकदा भांडी रिकामी करा, हे आरोग्य खातंच सांगतं. ‘कोरडा दिवस’ म्हणतात ते. डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी ते डास ही वाटचाल साधारण आठ-दहा दिवसांची, ती मधे तोडायची. म्हणजे शिळं ओतणारी बाई बेफिकीर नाही, ती दुसरी सूचना पाळतेय. एकाच ड्रमवर दोन अभिवृत्ती बसल्यात आणि तुम्ही एकच मोजताय.

त्यातही बारकावा आहे. अंडी ड्रमच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं ओतून भागत नाही, काथ्यानं आतून घासावं लागतं. आणि काढलेलं पाणी नालीत घालायची गरजच नाही. संडास, फरशी, झाडं, कुठंही चालतं. ‘ओतू नका’ असं फर्मान काढलंत तर पाणी वाचेल नि डास वाढतील. ‘काढा, घासा, काढलेलं वापरा’ ही कृती नेमकी आहे.

मांजराकाठ:
नाथसागर, मान्य. पण बालाघाट, नेमका प्रश्न विचारला तरी हेतू आणि कृती यांतली दरी राहतेच. वेब आणि शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोग एकत्र केले: हेतूत मध्यम ते मोठा बदल घडवला, तर वर्तनात फक्त लहान ते मध्यम. शिवाय तुमचा ०.५७ गोळीचा आहे. गोळी घेणं बाईच्या हातात असतं (घरी सासू नसेल तर).

बालाघाट:
तुमच्या कंसानंच कोरडवाहूंचा दबावाचा खांब उभा केला, आभार. दरी आहे, पण ती बुजवायची रीतही आहे. मानसशास्त्रज्ञ गॉलविट्झर यांची जर-तर योजना. ‘पाणी वाया घालवणार नाही’ हा नुसता हेतू. ‘नळाचा आवाज आला की आधी ड्रममधलं दोन बादल्यांत काढीन, बादल्या मोरीपाशी ठेवीन, मगच पाइप लावीन’ ही योजना. खूण ठरलेली, कृती ठरलेली. बाईनं ती स्वतःच्या तोंडानं म्हणावी, कागदावर छापून वाटू नये. चुकतं कुठं? लोक खूण ढिली ठेवतात, ‘वेळ मिळाला की’. तो कधीच मिळत नाही.

नाथसागर:
आणि उलटी दिशा विसरू नका, वागण्यातून मत घडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ आवारात १९९२चा प्रयोग आहे, तोही पाणीटंचाईच्या काळातला. पोहून आलेल्या मुलींपैकी काहींना ‘अंघोळ आटोपती घ्या’ अशा फलकावर सही करायला लावली, काहींना स्वतःच्या नासाडीबद्दल प्रश्न विचारले, काहींना दोन्ही. दोन्ही केलेल्यांची अंघोळ सरासरी २२० सेकंदांच्या आसपास आली, काहीच न केलेल्यांची ३०० च्या. बोलणं एक नि वागणं एक हे स्वतःलाच दिसलं की टोचतं. फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये याला बोधात्मक विसंवाद म्हटलं. तेव्हा शपथ घ्यायची तर शपथेनंतर लगेच विचारा: मागच्या नळाला किती बादल्या ओतल्या? नुसती शपथ म्हणजे फोटोची सोय.

कोरडवाहू:
विचारा, पण चारचौघांत विचारू नका. बाई खोटं सांगल आणि मनातून तुमच्यावर चिडल, वागणं तसंच राहील. त्यापरीस नळाला तोटी बसवा. भांडं भरलं की बंद. अभिवृत्ती गेली उडत.

मांजराकाठ:
हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

बालाघाट:
आणि बसवलेली तोटी चार दिवसांत काढून ठेवतात त्याचं काय? तोटीनं धार बारीक होते, शेजारच्यानं मोटार लावली की उरलेलीही जाते, अशी समजूत. ती खरी का खोटी हे नंतर बघू, पण तोटी राहणार की जाणार हे त्याच समजुतीवर ठरतं. विधान लिहून देतो, सात बिंदू तुम्ही मांडा: ‘नळाला तोटी ठेवली तर माझ्या वाट्याचं पाणी शेजारच्याला जाईल.’