शब्दचर्चा: सायक्लिन, कायनेज आणि 'नाका'

म्हापशाहून: एका मराठी मजकुरात 'पेशीचक्राचा विकास आणि कर्करोगाशी संबंध' असे शीर्षक आहे (पेशीचक्र म्हणजे पेशी वाढून दुभंगण्याचा क्रम). खाली 'पेशीचक्र चालवणारी विकरे, म्हणजे सायक्लिन' असे वाक्य. 'चेकपॉइंट'ला 'नाका' आणि 'इनहिबिटर'ला 'प्रतिबंधक' केलेय. चालेल का? आणि 'कायनेज'ला आपला शब्द कोणता?

फोंड्याहून: सायक्लिन हे विकर नव्हे. ते साधे प्रथिन. विकर म्हणजे त्याच्या जोडीचे कायनेज, सीडीके. सायक्लिन येऊन चिकटले नाही तर सीडीके जवळजवळ निकामी, म्हणून 'सायक्लिनावलंबी कायनेज'. सीडीकेचे प्रमाण फारसे बदलत नाही. सायक्लिन साठत जाते आणि विभाजनाच्या वेळी पेशी ते मोडून टाकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या फलित अंड्यांत हेच चढउतार दिसले. नाव त्यावरूनच.

'कायनेज' तसेच ठेवा. एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारे ते कायनेज, तो काढणारे फॉस्फेटेज. मात्र 'फॉस्फेट लागला की विकर सुरू' असे कुठे लिहिले असेल तर खोडा. विभाजन घडवणारे सीडीके१ चालायला त्याच्या साखळीतल्या १६१ व्या अमिनो आम्लावर, थ्रिओनीन-१६१ वर, फॉस्फेट हवा, पण १५ व्यावर, टायरोसीन-१५ वर, नको. तिथे तो 'वी१' हे कायनेज बसवते, 'सीडीसी२५' हे फॉस्फेटेज काढते. 'वी' हा स्कॉटिश शब्द, अर्थ इवलासा: वी१ बिघडले की यीस्टची पेशी पुरती वाढण्याआधीच दुभंगते. ज्या यीस्टवर ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्स यांनी हे काम केले त्याचे नाव 'पोंबे', स्वाहिलीत बिअर. आफ्रिकेत राहून आलेल्या जुन्या गोंयकारांना हा शब्द सांगायला नको.

मडगावहून: 'नाका' मला खटकतो. गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा किंवा पोळ्याचा नाका म्हणजे जागा. कागद बरोबर असले तरी गाडी तिथे उभी राहते. पेशीत अशी जागा नाही. डीएनए तुटला की एटीएम, एटीआर ही कायनेजे जागी होतात, ती सीएचके१ आणि सीएचके२ यांना चालू करतात, ती सीडीसी२५ ला अडवतात. मग टायरोसीन-१५ वरचा फॉस्फेट निघत नाही आणि विभाजन थांबते. दुसऱ्या वाटेने पी५३ हे प्रथिन पी२१ हे दुसरे प्रथिन तयार करवते आणि ते सीडीकेला धरते. 'डीएनए-तपासणी' म्हणा.

फोंड्याहून: तपासणी म्हटले की थांबवण्याचा अर्थ सुटतो. मी 'तपासनाका' ठेवीन, आणि ती जागा नव्हे हे एका वाक्यात सांगेन.

मडगावहून: तेवढे चालेल. 'प्रतिबंधक' मात्र काढाच. 'रोगप्रतिबंधक लस' आपल्या कानात इतकी बसलीय की 'सीडीके प्रतिबंधक गोळी' वाचून कुणालाही वाटेल, ही घेतली की कर्करोग होत नाही. पाल्बोसिक्लिब ही अशीच गोळी आधीच पसरलेल्या, संप्रेरक-ग्राही असलेल्या पण हर२ हे प्रथिन वाढलेले नसलेल्या स्तनकर्करोगावर, संप्रेरक-उपचारासोबत देतात: नेहमीची सुरुवात रोज १२५ मिलिग्रॅम, २१ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, घटतात. त्या सुट्टीत सावरतात. तिने सीडीके४ आणि ६ अडवली की आरबी प्रथिनावर फॉस्फेट बसत नाहीत, ते प्रत काढण्याची जनुके चालू करणाऱ्या ई२एफला सोडत नाही आणि पेशी डीएनएची प्रत काढायला निघत नाही. गाठीत आरबीच उरले नसेल तर औषधाला धरायला काही नाही. शब्द 'रोधक'.

म्हापशाहून: आणि शीर्षकातला 'विकास'?

फोंड्याहून: 'भ्रूणविकास' लिहा. नुसता विकास म्हटला की इथला वाचक पूल आणि बगलरस्ते शोधत बसेल. बेडकाच्या भ्रूणाची पहिली बारा विभाजने जवळजवळ तपासणीविना होतात, पहिले सोडल्यास दर अर्ध्या तासाला एक. विभाजन आणि डीएनएची प्रत यांमधले जी१, जी२ हे टप्पे नंतर येतात. पुढे स्नायू, चेतापेशी होताना पी२७, पी५७ सारखी पेशीची स्वतःची रोधक प्रथिने चक्र बंद करतात. 'रोधक' म्हणजे फक्त औषध, असा समज होऊ नये म्हणून हेही तिथे घाला.

पहिले वाक्य असे करा: 'पेशीचक्र चालवणारी विकरे, म्हणजे सायक्लिनची जोड मिळालेली कायनेजे.'