एसी ठणठणीत, डबी मेली! आता भंगारात घालायची का?

भरती-ओहोटी (गुहागर): काल कोणीतरी लिहिलं, 'स्मार्ट वस्तू फोनसारख्याच समजा, पाच वर्षांनी बदला, रडता कशाला?' डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ ला नेस्ट या आपल्या ब्रँडच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा (घराचं तापमान सांभाळणाऱ्या, भिंतीवरच्या यंत्राचा) सपोर्ट बंद केला. हाताने फिरवून तापमान बदलतं, फोनवरून काही नाही. परदेशातली गोष्ट म्हणून सोडू नका. आमच्या होमस्टेत एसी फोनवरून चालवणाऱ्या डब्या होत्या. पाहुणे एसी चालू ठेवून समुद्रावर जायचे, मी बाजारातून बंद करायचो. कंपनीने सर्व्हर बंद केला. डबी शाबूत, निळा दिवा लुकलुकतोय, एसी ढिम्म. रिमोटसारखा सिग्नल तर सोडायचाय, त्याला दूरचा सर्व्हर कशाला?

चाकरमानी (ठाणे-दापोली): रडगाणं आहे. नेस्टचं पहिलं मॉडेल २०११ चं. चौदा वर्षं चाललं, अजून किती? अपडेट बंद झालेलं यंत्र वायफायवर ठेवणं म्हणजे चोराला खिडकी उघडून देणं. सर्व्हर चालवायला पैसे लागतात.

देवगडकरीण: माका एक सांगा, सॉफ्टवेअर मरेपर्यंत एसी टिकतो कुणाचा? आमच्या बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोटाने चुरतात, पांढरी पूड पडते. मेकॅनिक येतो, 'खाऱ्या हवेचं वॉरंटीत बसत नाही' म्हणतो, गॅसचे पैसे घेऊन जातो.

भरती-ओहोटी: ताई, गंज दर्याचा. सर्व्हर माणसाने बंद केलाय. पात्या मी गोड्या पाण्याने धुतो, सर्व्हरला काय करू?

चाकरमानी: मला ॲप लागतंच. घर बंद असतं, कुबट वास मारतो. गणपतीला निघायच्या आदल्या रात्री ठाण्यातून एसी लावून ठेवतो.

देवगडकरीण: तेच तर दुखणं! रिकाम्या घरात एसी, आणि मे महिन्यात आमचा पंखा रडत फिरतो. अख्खी वाडी एका डीपीवर. चार बंगल्यांत एसी लागले की व्होल्टेज बसलंच.

चाकरमानी: उपरे समजू नका आम्हाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमचेही पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या, आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरपट्टी भरतो, पालखीला येतो. आजोबांचं घर आहे ते!

देवगडकरीण: उपरे कोण म्हणालं? एसी बसवताना महावितरणकडे लोड वाढवून घेतलात का, एवढंच विचारते.

सर्किटवाला (सावंतवाडी): डीपीचं भांडण वेगळ्या धाग्यात न्या. डबीत ईएसपी चिप (वायफायवाली छोटी चिप) असेल तर ईएसपीहोम हे फुकट सॉफ्टवेअर टाकून होम असिस्टंटला, म्हणजे घरातल्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला, जोडता येते का बघा, मग कंपनीचा सर्व्हर लागत नाही. नवी घेताना राउटरची इंटरनेटची वायर काढून बघा. घरातल्या घरात चालली तरच घ्या. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार, हे कंपनीला सांगावंच लागतं.

चाकरमानी: बरं, मुदत खोक्यावर छापा, तेवढं मान्य. जन्मभर फुकट सर्व्हर मागू नका.

भरती-ओहोटी: फुकट कोण मागतंय? बंद करा, पण आधी घरच्या वायफायवर चालेल असं शेवटचं अपडेट द्या. नेस्ट निदान हाताने तरी चालतो. त्याच नेस्टने रिव्हॉल्व्ह नावाची कंपनी विकत घेऊन तिचा हब (घरातल्या स्मार्ट वस्तू एकत्र जोडणारी डबी) २०१६ मध्ये पार निकामी करून टाकला. विकत घेतलेली वस्तू माझी की त्यांची?

देवगडकरीण: लोडचं उत्तर अजून आलं नाही.