शाळा सुटल्यावर बसवून ठेवायची शिक्षा: पोरांनीच नवा नियम लिहून दिलाय, तुम्हाला काय वाटतं?

शाहूपुरीची_आई:
माझी मुलगी नववीत आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण भांडण शाळेशी नाहीये, एका नियमाशी आहे. नियम असा, की महिन्यात तीन लेट मार्क झाले किंवा डायरीत रिमार्क आला की शाळा सुटल्यावर एक तास थांबायचं, हॉलमध्ये बसायचं आणि धडा उतरवून काढायचा. कारण काही का असेना, शिक्षा तीच. बस चुकली म्हणून दहा मिनिटं उशिरा आलेली मुलगी आणि दुसऱ्याच्या दप्तरात मुद्दाम पाणी ओतलेला मुलगा, दोघं शेजारी बसून तोच धडा लिहितात.

तर नववी-दहावीच्या वर्गप्रतिनिधींनी मिळून मुख्याध्यापकांना चार पानी पत्र दिलंय. सरांनी ते बाजूला टाकलं नाही, येत्या शनिवारच्या पालकसभेत मांडा म्हणाले. शिक्षा बंद करा असं पोरांनी कुठंही लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते, कारण आमच्या पालकांच्या ग्रुपवर तसंच पसरवलंय कुणीतरी. त्यांचं म्हणणं एवढंच की उशीर आणि मस्ती यांचे हिशोब वेगळे ठेवा. उशीर झाला तर मधल्या सुट्टीतला अर्धा वेळ कापा पण शाळा सुटल्यावर थांबवू नका. थांबवायचंच झालं तर धडा उतरवण्याऐवजी राहिलेला गृहपाठ करून घ्या. शिक्षा द्यायच्या आधी त्या मुलाला चार ओळीत स्वतःची बाजू लिहू द्या. आणि कुणाची टिंगल, मारामारी, चोरी असलं काही असेल तर नुसतं बसवून सोडू नका, ज्याला त्रास झाला त्याच्यासमोर आणि दोघांच्या पालकांसमोर बोलणं व्हावं. म्हणजे तिथं त्यांनी नियम कडकच केलाय.

मला एक कलम फार आवडलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे पुराच्या इशारा पातळीवर गेली की नदीपलीकडच्या मुलांचे लेट मार्क धरायचे नाहीत. कोल्हापूरच्या पोरांनाच सुचणार हे. बोला आता.

पेठेतला_बाबू:
काय लावलंय हे. आधी छडी बंद केली, मग नापास करायचं बंद केलं, आता नुसतं बसवायचं बी नाही. मग मास्तरनं करायचं काय, हात जोडायचे पोरांना? आमाला अंगठे धरून उभं केलंय, फोक खाल्लीय, घरी सांगितलं तर बा अजून दोन ठेवून द्यायचा, काय बिघडलं आमचं? शिक्षा ज्यानं भोगायची त्यालाच विचारून ठरवायची म्हणजे पाकीटमाराला विचारून पोलीस चौकी कुठं ठेवायची ते ठरवल्यागत झालं.

कोर्टाच्या_पायरीवर:
बाबूशेठ, नापास करायचं परत सुरू झालंय, २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर दोन महिन्यात फेरपरीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. पण इथं तो विषयच नाही.

विषयाचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. आणि बऱ्याच शाळांना माहीतच नसतं की राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शारीरिक शिक्षेची जी उदाहरणं दिलीत त्यात बाकावर उभं करणं, गुडघ्यावर बसवणं यांच्या जोडीला वर्गात, ग्रंथालयात किंवा शाळेतल्या कुठल्याही बंद जागेत अडकवून ठेवणं हे पण आहे. म्हणजे पोरं जे मागायलेत ते शाळेच्याच फायद्याचं आहे. उद्या कुणी तक्रार केली तर मुख्याध्यापकांकडं दाखवायला निदान एक लेखी पद्धत तरी असेल.

खडू_डस्टर:
मी हायस्कूललाच शिकवते, या शाळेत नाही, पण नियम आमच्याकडंही जवळपास असाच आहे. वकीलसाहेब, कायदा ६ ते १४ वयाला आहे, नववी-दहावीची बरीच मुलं त्याच्या पुढची असतात, तेही सांगा की. आणि आम्ही कुणाला कोंडत नाही, हॉलची दारं सताड उघडी असतात.

मला राग याचा येतो की या सगळ्यात शिक्षक कुठंच नाहीये. तो एक तास मुलं बसतात तेव्हा मी पण बसलेली असते. मलाही घरी जायचं असतं. वर्गात साठच्या वर मुलं, वह्या तपासायच्या, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणूक आली की मतदार याद्यांचं काम, आणि मधल्या सुट्टीत जे पंधरा मिनिटं बूड टेकायला मिळतं ते आता लेट आलेल्या मुलांवर लक्ष ठेवण्यात घालवायचं असं हे पत्र सांगतंय. चार ओळी लिहून घ्यायच्या म्हणे. त्या वाचायच्या कुणी? सात मुलांच्या सात कहाण्या, आणि त्यातल्या पाच मी तोंडपाठ म्हणून दाखवते, सायकल पंक्चर, आजी आजारी, लाईट नव्हती म्हणून गजर झाला नाही.

तुमची मुलं हुशार आहेत, पत्र चांगलं लिहिलंय, वाद नाही. पण नियम लिहिणं सोपं असतं, रोज पाळायला माणूस लागतो.

सकाळचं_दूध:
मॅडम तुमचं दुखणं समजतंय पण आमचंबी ऐका जरा. माझी पोरगी दहावीला हाय, गाव नदीपलीकडं. सकाळी ती धार काढायला आईला मदत करत्या, मी कामावर असलो तर डेअरीत दूध घालायचंबी तिच्याकडंच, त्यात संस्थेत फॅट लावायला रांग असली की तिथंच गाडी हुकते. गळीत हंगामात तर विचारूच नका, उसाच्या ट्रॉल्या दोन दोन जोडून चालल्यात, एक पलटी झाली की सगळा रस्ता बंद. मुलींना एसटीचा पास फुकट हाय अहिल्याबाई होळकर योजनेत, चांगली गोष्ट हाय, पण पास असून गाडी थांबत नाही ना कुणासाठी. शाळा सुटल्यावरची गाडी चुकली की मग अंधार पडल्यावरची. थंडीच्या दिवसात पोरगी फाट्यावरनं गावात अंधारात एकटी चालत येणार आणि मी घरात बसून वाट बघणार, ही शिक्षा तिला का मला? पेठेतल्या पोराला तोच तास म्हणजे काय, घर पाच मिनिटावर, उलट अभ्यासाला सुट्टी.

मिडफिल्डर_७:
अहो काका तुमच्या पोरीचं वेगळं, तिला सूट द्या, कोण नाही म्हणतंय. पण म्हणून सगळ्यांचीच सुट्टी का करताय? मी पोरांना फुटबॉल शिकवतो संध्याकाळी. आमच्या टीममधला एक पठ्ठ्या रोज उशिरा जायचा शाळेत, घर शाळेच्या मागच्या गल्लीत. एकदा त्याला बसवलं, नेमकी त्या दिवशी सिलेक्शनची प्रॅक्टिस होती. परत कधी उशीर नाही. शिक्षा टोचली पाहिजे राव. मधल्या सुट्टीत अर्धा वेळ कापला तर काय होणार, वडापाव जरा घाईत खाईल.

शाहूपुरीची_आई:
मिडफिल्डर, तुम्ही जे सांगताय तेच तर पोरांचं म्हणणं आहे की. शिक्षा कुणाला टोचते आणि कुणाला नाही हे घर किती लांब आहे त्यावर ठरतंय.

मिडफिल्डर_७:
मग लांबच्यांना सूट, जवळच्यांना तास. झालं की.

कोर्टाच्या_पायरीवर:
मग जवळची पोरं म्हणणार आमच्यावर अन्याय 😄

दहावीब_हजर:
नमस्कार, पत्र लिहिणाऱ्यांमधला मी एक आहे. ताईच्या मोबाईलवरून लिहितोय, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला तर लेट मार्क टाकू नका.

त्या तासात काय होतं ते इथं कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो. घंटा झाली की सगळा वर्ग पळतो आणि आम्ही हॉलमध्ये. टेबलावर रजिस्टर असतं, त्यात नाव, तुकडी, तारीख आणि कारण असा रकाना. कारणाच्या रकान्यात सगळीकडं फक्त 'उशीर' नाहीतर 'शिस्त', दुसरं काही नाही. मग धडा. कुठलाही. मी इतिहासाचं एकच पान इतक्यांदा उतरवलंय की आता शाईचा रंग बदलून लिहितो, म्हणजे सरांना वाटावं वेगळं आहे. सर तपासत नाहीत, सही करतात. तोपर्यंत शिपाई मामा आमच्या पायाखालून झाडू मारत असतात, पाय वर घ्या म्हणतात, पंखे बंद करतात, कारण त्यांना पण कुलूप लावून जायचं असतं. शेवटची दहा मिनिटं सगळे घड्याळाकडं बघतात, सर पण.

आम्ही वर्गशिक्षकांची परवानगी घेऊन ते रजिस्टर चाळलं. तीच तीच नावं परत परत होती. आणि त्यातली बरीच आंबेवाडी, चिखली, शिये अशा नदीपलीकडच्या गावांची. मग आम्ही त्या मुलांना विचारत बसलो की का होतो उशीर, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनी खरं सांगितलं नाही. एकजण रात्री मोबाईलवर गेम खेळतो म्हणून उठत नाही, हे पण पत्रात आहे. त्याला पावसाळ्याची सूट मागितलेली नाही.

मॅडम, चार ओळींबद्दल. त्या तुम्ही रोज वाचायच्या असं आम्ही म्हटलंच नाही. त्या रजिस्टरलाच चिकटवायच्या. तिसऱ्यांदा नाव आलं की तेव्हा मागच्या दोन बघायच्या. तीनदा आजी आजारी असेल तर कळेलच की.

पेठेतला_बाबू:
आरं वा, पोरगं चांगलं बोलतंय. पण एक सांग लेका, मारामारी झाली तर दोघांच्या आईबापासमोर बोलणं म्हणतोयस. तुला माहीत नाही आईबाप काय असतंय ते. पोरं दुसऱ्या दिवशी एकत्र डबा खात्यात आणि आईबाप मात्र वर्षभर तोंड बघत न्हाईत एकमेकांचं. आमच्या गल्लीत दोन घरं अजून बोलत नाहीत, पोरं दोन्ही आता एका कंपनीत कामाला जात्यात एकाच गाडीवर.

खडू_डस्टर:
हे मात्र शंभर टक्के. पालकांना मध्ये घेण्याचा अनुभव मला पण आहे. एका आईनं माझ्यासमोर दुसऱ्याच्या मुलाला झापलं, बाहेर जाऊन मामा-काका बोलवले, प्रकरण भलतीकडं गेलं. आधी दोन मुलं आणि एक शिक्षक एवढंच बसावं. नाहीच मिटलं तर पालक.

दहावीब, तुझं उत्तर वाचलं. रजिस्टरला चिकटवायची कल्पना चालेल मला. पण मधल्या सुट्टीचं अजून पटलेलं नाही. आणि गृहपाठ करून घ्या म्हणता, गणिताच्या गृहपाठाला त्या दिवशी हॉलवर इतिहासाच्या मॅडम असल्या तर त्या काय करणार?

दहावीब_हजर:
त्यासाठी दहावीतली दोन मुलं रोज आळीपाळीने थांबायला तयार आहेत, ज्यांची घरं जवळ आहेत ती. स्वतःहून. शिकवायला नाही, अडलं तर सांगायला. त्यातले दोघं आधी हॉलमध्ये नेहमी बसणारेच आहेत.

मिडफिल्डर_७:
म्हणजे चोरच हवालदार 😂 नाद खुळा.

सकाळचं_दूध:
मला एक सुचतंय. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोरगं शाळेत आलं न्हाई तर दंड कुणाला होता? बापाला. महिन्याला एक रुपाया, त्या काळचा. पोराला न्हवता. राजाला कळत हुतं की पोरगं घरी का राहतंय ते, ढोरं राखायला आपणच ठेवून घेतोय. माझी पोरगी उशिरा जात्या त्यात माझाबी हात हाय की, दूध तिच्याकडनं घालून घेतोय मीच.

पेठेतला_बाबू:
लावा मग दंड आईबापाला. शनिवारच्या मीटिंगला माणूस दिसणार न्हाई एक.

कोर्टाच्या_पायरीवर:
दंड नको, आजच्या कायद्यात बसवताना घोळ होईल, आणि ज्याच्या खिशात नाही त्यालाच तो बसेल. पण दुसऱ्या लेट मार्कला घरी एक फोन, एवढं करायला काही हरकत नाही. बऱ्याच घरात माहीतच नसतं. तिसऱ्याची वाट कशाला बघायची?

शाहूपुरीची_आई:
दुसऱ्या मार्कला फोन, हे मी लिहून घेतलंय. मॅडमचं पण, आधी दोन मुलं आणि शिक्षक, मग पालक. मधल्या सुट्टीचं काय करायचं ते मलाही कळेना. मुलीला विचारलं तर ती म्हणाली डबा खायचा वेळ कापला तर मुली पाणीच पीत नाहीत, कारण बाथरूमला परत वेळ मिळत नाही. हे त्या पत्रात नाहीये, मुलांनी लिहिल्यामुळं असेल. ते कलम बदलायला सांगते पत्र लिहिणाऱ्यांना.

खडू_डस्टर:
बरं झालं विचारलंत. तो वेळ नकोच. त्यापेक्षा शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा अर्धा तास घ्या, दिवसाउजेडी सगळे घरी पोचतील. पण त्या अर्ध्या तासाला शिक्षकाची पाळी लावताना आधी शिक्षकाला विचारा, एवढी एक ओळ त्या पत्रात माझ्या वतीनं घाला. आणि ३९ फुटांचं कलम तसंच ठेवा, फक्त पातळी कुणी बघायची ते लिहा, नाहीतर जुलैत रोज सकाळी साठ मुलं मला पंचगंगेची पातळी सांगत बसतील.

दहावीब_हजर:
शिपाई मामा बघतात की मॅडम रोज, त्यांचं घर चिखलीतच आहे. त्यांना विचारून आलो, हो म्हणालेत.

मिडफिल्डर_७:
शनिवारी अर्धा तास चालेल, पण मॅचच्या दिवशी आमचा गोलकीपर अडकवू नका म्हणजे झालं.

पेठेतला_बाबू:
गोलकीपरनं वेळेवर जावं की मग शाळेला.